इंडिपेन्डन्स रॉकच्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या वायोमिंगमधला इंडिपेन्डन्स रॉक हा खडक म्हणजे एकोणिसाव्या शतकात गाड्यांनी पश्चिमेकडे निघालेल्या लोकांची मुक्कामाची जागा. त्यावर मी लिहिलं, त्यावर एका वाचकांनी लिहिलंय की "एसी गाडीतून उतरून दहा मिनिटं फोटो काढणाऱ्याने बैलगाडीवाल्यांच्या मुक्कामाचं कौतुक सांगू नये." शिवाय मी बैलांऐवजी घोडे लिहिलेत, आणि ती जमीन मुळात ज्यांची होती त्यांच्यावर दोनच ओळी आहेत.

घोड्यांचं मान्य. ऑरेगॉन ट्रेलवर, म्हणजे त्या लोकांच्या पश्चिमेकडच्या वाटेवर, बहुतेक गाड्यांना बैल नाहीतर खेचरं असायची. दुरुस्त केलंय.

पण पहिलं वाक्य? अहो, मुद्दा असेल तर मुद्दा मांडा ना, असं टाकून बोलायची काय गरज? ओळखता का तुम्ही मला? माझे वडील बीडकडून ऊसतोडीला बैलगाडी घेऊन जायचे आणि लहानपणी मीपण त्याच गाडीत असायचो. मुक्कामाला आधी पाणी बघायचं, बैल सोडायचे, त्यांना पाजायचं, माणसांचं नंतर. म्हणून त्या खडकाला लागून वाहणारी स्वीटवॉटर नदी बघितल्यावर लोक तिथेच का थांबायचे हे मला कुणी सांगावं लागलं नाही. नॉर्थ प्लॅट नदी सोडली की मधे खारं अल्कलीचं पाणी, ते पिऊन जनावरं मरायची, आणि त्यानंतर हे गोडं पाणी नि गवत! ४ जुलैच्या आसपास इथं पोचायचंच असं लोक धरून चालायचे कारण उशीर झाला तर पुढे डोंगरात बर्फ, १८४६ ला डोनर पार्टी नावाचा असाच एक जथा सिएरा नेवाडाच्या डोंगरात तसाच अडकला.

आणि दहा मिनिटं नाही, अख्खी दुपार होतो मी तिथे. खडक साधारण १३० फूट उंच, घेर मैलाच्या वर, पूर्ण फेरी मारली. काहींनी नावं कोरलीत, काहींनी तर गाडीच्या वंगणाने लिहिली होती असं वाचलं आणि मला आखाला लावायच्या त्या काळ्या वंगणाचा वासच आला, वडिलांच्या धोतरावरचे डाग कधी निघायचे नाहीत. हे तुम्हाला कौतुक वाटत असेल तर वाटो.

शोशोनी, अरापाहो वगैरे तिथल्या मूळ लोकांचा विषय मोठा आहे, पण माझा लेख मुक्कामावर होता, त्यामुळे ते इथे नको.

वडील आता थकलेत. त्यांना फोटो दाखवले तर पहिलं विचारलं, "एवढ्या बैलांना चारा पुरायचा का रे?" तुम्ही हे विचारलं असतं तर मी आनंदाने दोन पानं लिहिली असती.