दूध उकळता, मग अंडं का नाही?

आज सकाळी साडेआठला लालबागमध्ये एका जिमच्या खालच्या दुकानाबाहेर जे बघितलं ते दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा व्यायाम करून खाली उतरला. वडील धाकट्याचा हात धरून वाट बघत उभे होते. फुटपाथच्या कडेला, ऑक्टोबरच्या उन्हात, अंड्यांचा ट्रे. दुकानदाराने त्यातली दोन उचलली, ग्लासच्या काठावर टिचकावली, अंगठा आत घालून टरफल उघडलं. वर गार दूध, साखर, चमच्याचे चार फेरे. एका अंड्याच्या बुडाला वाळलेली घाण आणि पिसाचा तुकडा चिकटलेला होता. तोच अंगठा त्यावरून फिरून आत गेला. मुलाने नाक दाबून एका दमात ग्लास रिकामा केला. तळाला फेस उरला होता, तो धाकट्याने बोटाने पुसून चाटला. फार तर चार वर्षांचा असेल तो.

माझ्या यादीतली तुम्ही सगळी पाणी गाळून-उकळून पिणारी माणसं. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, तरी आपण ते घरी आणल्या आणल्या उकळतो आणि संध्याकाळी परत उकळतो. मग त्याच दुधात कच्चं अंडं फोडताना कुणाचाच हात कसा थांबत नाही?

साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू अंड्यात दोन वाटांनी येतो. एक बाहेरून: कोंबडीची विष्ठा टरफलाला लागते, आणि टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात. दुसरी वाट आतून. कोंबडीच्या अंडाशयातच जंतू असेल तर टरफल तयार होण्याआधीच तो अंड्यात असतो. अशा अंड्याला ना डाग, ना वास. त्यामुळे 'मी धुऊन घेते' म्हणणाऱ्यांनो, धुण्याने दुसरी वाट बंद होत नाही. उलट कोमट अंडं गार पाण्यात बुडवलं की आतला भाग आकसतो आणि बाहेरचं पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. पाण्यात बुडतं की तरंगतं, ही परीक्षाही अंडं किती जुनं आहे एवढंच सांगते. गावठी अंड्यांनाही हेच सगळं लागू आहे.

पुढचं काम आपली हवा करते. हा जंतू ५ अंशांखाली जवळपास वाढत नाही. ३५ ते ३७ अंशांना सगळ्यात जोमाने वाढतो. मुंबईत अंडी ट्रकमधून लांबून येतात, गोदामात थांबतात, मग दुकानाच्या दारात उघड्यावर. ती शिजवून खायची या हिशेबानेच हा सगळा व्यवहार चालतो. जपानमध्ये कच्चं अंडं खातात, मान्य. तिथे अंड्यावरची तारीखच कच्चं खाण्याच्या हिशेबाने टाकतात. इंग्लंडनेही कोंबड्यांना या जंतूविरुद्ध लस देऊन आणि अशा कोंबड्यांच्या अंड्यांवर सिंहाचा शिक्का मारून बरीच वर्षं काम केलं, तेव्हा कुठे २०१७ मध्ये त्या शिक्क्याची अंडी गरोदर बायकांना कच्ची चालतील असं तिथल्या अन्न खात्याने सांगितलं. लालबागच्या त्या ट्रेवर कुठला शिक्का होता?

'वर्षानुवर्षं पितोय, काही झालं नाही' हे वाक्य तर ऐकवतच नाही. बहुतेक अंड्यांत जंतू नसतो, हे खरं आहे. पण ज्यात असतो त्याचा त्रास सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही सुरू होतो. गुरुवारी ताप, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले की रविवारचं अंडं कुणाच्या लक्षात असतं? दोष जातो बुधवारच्या पाणीपुरीला. धडधाकट माणूस चार ते सात दिवसांत उठतो. चार वर्षांचं पोर, गरोदर बाई, सत्तरीचे आजोबा, केमो चालू असलेलं माणूस यांच्यात मात्र जंतू रक्तात उतरू शकतो. ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांनीही सांभाळा; पोटातलं आम्ल हा आपला पहिला पहारेकरी, तोच झोपलेला असतो.

आणि हे सगळं ताकदीसाठी? एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं. १९९८ मध्ये बेल्जियममध्ये मोजून पाहिलं होतं: शिजलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं शरीर पचवतं, कच्च्यातली जेमतेम ५१. पांढऱ्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेने मोडतात. म्हणजे त्या मुलाने नाक दाबून प्यायलेल्या दोन अंड्यांतलं जवळपास एक वायाच गेलं.

त्या वडिलांवर माझा राग नाही. खिशातून मोजून सुटे काढत होते, लेक पितोय ते डोळे भरून बघत होते. त्यांना कुणी सांगितलंच नसेल. म्हणून आता दूध-अंडं शिजवून करायची नीट कृती सांगते, शेअर करा.

आधी एक गैरसमज. 'आम्ही गरम दुधात घालतो' हे पुरत नाही. पिण्याजोगं गरम दूध साधारण ६० अंश असतं. २०० मिली अशा दुधात ५० ग्रॅमचं एक अंडं पडलं की मिश्रण येतं ५४ अंशांवर, दोन पडली की ५०वर. जंतू लगेच मरायला ७१ अंश लागतात.

एका मोठ्या ग्लासला ३०० मिली दूध, दोन अंडी, दोन चमचे साखर. अंडी साखर घालून फेस न आणता फेटा आणि चहाच्या गाळणीने गाळा. पांढऱ्याचे दोरे राहिले तर तेच आधी शिजून गुठळ्या होतात. जाड बुडाच्या पातेल्यात दूध कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवा, गॅस बंद. त्यातलं अर्धी वाटी दूध बारीक धारेने अंड्यात ओता, दुसऱ्या हाताने फेटत राहा. मग हे सगळं पातेल्यात परत. आता अगदी मंद आच, आणि चमचा तळाला लावून तीन ते पाच मिनिटं हलवत राहायचं. ७५च्या आसपास ते दाटतं: चमच्याच्या पाठीवर थर बसतो, त्यावर बोटाने रेघ ओढली तर रेघ तशीच राहते. तिथे थांबा. ८२-८५च्या पुढे गेलं की फाटतं, रवाळ होतं. फाटलंच तर पातेलं लगेच गार पाण्यात ठेवा, दोन चमचे गार दूध घालून मिक्सरमधून फिरवा, गाळा. पिता येतं. जिभेला थोडा फरक लागेल एवढंच. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच नाही.

परातीत बर्फाचं पाणी घालून त्यात पातेलं ठेवा, पंधरा मिनिटांत निवेल. मग वेलची-जायफळ, आणि फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

नाताळात एगनॉग, म्हणजे अंडं-दुधाचं ब्रँडी घातलेलं पेय, करणाऱ्यांनी ब्रँडी यानंतर घालावी. ग्लासभर पेयात चमचाभर ब्रँडीने जंतू मरत नाही. लिंबानेही नाही, आंबट रसात पांढरं घट्ट होतं, पण ते शिजलेलं नसतं.

आणि आजवर कच्चं अंडं मिक्सरमध्ये फिरवत असाल, तर झाकणाची रबरी रिंग काढून साबणाने धुवा. कच्च्या अंड्याचा थर तिथेच बसतो आणि संध्याकाळी चटणीत उतरतो.

उद्या साडेआठला परत त्या दुकानापाशी जाणार आहे, ही कृती कागदावर लिहून. धाकट्याला फेस हवाच असेल तर हे गार झालेलं मिक्सरमधून फिरवलं की वर भरपूर येतो.