क्रूडमध्ये प्रोफेशनल व्हायचंय? या, बसा

शेअर काय हो, कोणीही करतं. माझा मेव्हणासुद्धा करतो. तुम्हाला जरा वजनदार काहीतरी पाहिजे असेल, म्हणजे लग्नात कोणी "काय चाललंय हल्ली" विचारलं की "क्रूड बघतो" म्हणून शांतपणे जिलेबी मोडता यावी, तर एमसीएक्सवर, म्हणजे कच्च्या तेलासारख्या मालाच्या वायदे बाजारात या. एक लॉट, म्हणजे सौद्याचं माप, १०० बॅरलचा, बॅरलमध्ये १५९ लिटर, म्हणजे डोंबिवलीच्या वन बीएचकेत बनियनवर बसून तुम्ही जवळपास १६ हजार लिटर तेल उचलताय. त्यातला थेंबही तुम्हाला कधी दिसणार नाही, हिशोब सगळा पैशातच होतो, पण रुबाब बघा ना.

पहिलं म्हणजे जागतिक घडामोडींचा अभ्यास. तो कठीण नाही, फक्त उलटा करायचा. आधी भाव बघायचा, मग कारण शोधायचं. २३ जून २०२५ ला इराणने कतारमधल्या अमेरिकन तळावर मिसाईल सोडली, तुम्ही म्हणाल युद्ध पेटलं, आता क्रूड पळणार, तर ते ७ टक्के पडलं. का? तर म्हणे तणाव निवळला! तुम्ही लॉन्ग, म्हणजे भाव वाढेल म्हणून घेऊन, अडकला होतात? मग तुम्हाला भू-राजकारण कळत नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये काकांना "मला वाटलंच होतं" सांगा आणि पुढे चला.

बुधवार मात्र पाळायचा, उपवासासारखा. अमेरिकेच्या तेलसाठ्याचा आकडा आपल्याकडे रात्री ८ ला येतो, थंडीत तिकडची घड्याळं मागे गेली की ९ ला. ७:५५ ला आतून "वाढलंय रे" अशी हाक येते, तुम्ही "आलोच" म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही. ८ ला चार्टवरची कँडल आधी सर्रकन खाली येते, तुमचा स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला लावून ठेवलेली ऑर्डर, खाते आणि मग तुम्हाला पाहिजे त्याच दिशेला, पण तुम्हाला न घेता, वर निघून जाते. आमटी गार. म्हणून अनुभवी माणूस स्टॉपलॉस लावतच नाही, तो अ‍ॅव्हरेज करतो. भाव पडला, अजून एक लॉट घेतला, अजून पडला, अजून एक, मग ब्रोकरकडून मार्जिनचा, म्हणजे अजून अनामत भरा असा, फोन, मग बायकोच्या एफडीबद्दल गोड आवाजात चौकशी.

आता खरी विद्या, जी मी स्वतः फी भरून शिकलो. तेल शून्याच्या खाली जाऊ शकत नाही.

२० एप्रिल २०२०, लॉकडाऊन, घरात केळ्याचा केक चाललेला. एप्रिलच्या कॉन्ट्रॅक्टची एक्स्पायरी, म्हणजे शेवटचा दिवस. रोज रात्री साडेअकरापर्यंत चालणारा बाजार तेव्हा ५ लाच बंद व्हायचा. बंद होताना भाव ९६५. मी मनाशी म्हटलं, अरे तेल आहे ते, ९६५ रुपये बॅरल म्हणजे लिटरला ६ रुपये, बिसलरी महाग आहे याच्यापेक्षा, आणि जाऊन जाऊन जाईल कुठे, एका लॉटचे फार तर साडेशहाण्णव हजार बुडतील. घेतला. ५ वाजले, टर्मिनल बंद, हात धुतले, पत्ते खेळायला बसलो. तिकडे अमेरिकेत, ओक्लाहोमात, कुशिंगच्या तेल साठवायच्या टाक्यांमध्ये जागा उरली नव्हती, माल घ्यायला कोणी तयार नाही, आणि आपण झोपायच्या वेळेला तिथल्या मे महिन्याच्या कॉन्ट्रॅक्टचा भाव शून्य ओलांडून गेला तो उणे ३७.६३ डॉलरवर थांबला. आपल्या एप्रिलच्या कॉन्ट्रॅक्टची सेटलमेंट, म्हणजे शेवटचा हिशोब, तिकडच्या त्याच भावाने, गुणिले रिझर्व्ह बँकेचा डॉलरचा दर. आधी कळलं भाव १ रुपया, मी म्हटलं ठीक आहे, गेले. मग फायनल आली. उणे २,८८४. वजाचं चिन्ह मी आधी स्क्रीनवरचा कचरा समजून बोटाने पुसलं.

साडेशहाण्णव हजाराची वस्तू, तोटा ३,८४,९००. फुकट मिळालेल्या तेलावर वर पैसे द्यायचे, तेही बाजार बंद असताना, विकायची सोय नसताना. काही ब्रोकर कोर्टात गेले, मी बाल्कनीत गेलो. तेल गेलं तूप गेलं ही म्हण इथे मला वापरता येत नाही, घरात ती आधीच वापरून झालीये.

त्याच आठवड्यात दूध आणायला स्कूटर काढली, पंपावर गेलो. मुंबईत पेट्रोल तेव्हाही ७५ च्या वर. मी त्या पोऱ्याला समजावून सांगितलं की अरे जगात तेल उणे आहे, नियमाने तू मला पैसे दिले पाहिजेस. तो मास्कमधून म्हणाला, "काका, कितीचं टाकू?"

तर अकाउंट उघडा. आणि क्रूड जड वाटत असेल तर गुरुवारी नॅचरल गॅसचा आकडा असतो, त्याच वेळेला. जेवून बसा.