‘क्रमाचा कॉलम कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हाताने लावलेल्या यादीला वेगळा ‘क्रम’ कॉलम जोडून त्यात १०००, २०००, ३००० असे आकडे लिहा, असं मी सुचवलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, त्यामुळे उत्तरही लांबलंय. आक्षेप थोडक्यात असे: हल्ली कुठल्याही अ‍ॅपमध्ये ओळ ओढून हवी तिथे ठेवता येते, मग वेगळा ‘क्रम’ कॉलम म्हणजे नसता उपद्व्याप, ठेवायचाच तर सरळ १, २, ३ लिहावं, हजार-हजाराच्या उड्या कशाला, आणि मध्ये काही घालायचं झालं तर दशांश आहेतच. शिवाय लोकलच्या स्थानकांची यादी ‘अकारविल्हे लावली तरी काय बिघडतं’ असंही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पश्चिम रेल्वेची यादी अकारविल्हे लावली की अंधेरी डोक्यावर येतं आणि चर्चगेट खाली कुठेतरी जातं. तेही चालवून घेऊ. पण २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं, आणि नोंद ‘ए’मधून उठून ‘प’मध्ये गेली. गाडी मात्र पूर्वीसारखीच लोअर परळनंतर तिथे थांबते. क्रम ८००० (चर्चगेटपासून आठवं) असा वेगळा लिहिलेला असला तर नाव बदलूनही नोंद जागची हलत नाही. आणि संगणकाची अकारविल्हे म्हणजे आपल्या शब्दकोशाची नव्हे. युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांत) ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो. क्ष हा क, हलन्त आणि ष असा तुकड्यांनी साठवला जातो, म्हणून तो ‘क’च्या घरात सापडतो. ह नंतर ळ, क्ष, ज्ञ हवेत तर मराठी कोलेशन (वर्णक्रमाचे नियम) लागतं, आणि एस्क्यूलाइट या डेटाबेसच्या मूळ संचात ते नाही.

आता ओढण्याबद्दल. ओढून लावलेला क्रम बहुतेक अ‍ॅपमध्ये त्या व्ह्यूचा (यादी दाखवण्याच्या त्या मांडणीचा) असतो, नोंदीचा नसतो. नोशन या नोंदींच्या अ‍ॅपमध्ये सॉर्ट लावलेल्या व्ह्यूत ओळ ओढायला गेलात तर ते ‘सॉर्ट काढू का?’ असं विचारतं, कारण दोन्ही एका वेळी नांदू शकत नाहीत. डेटाबेसच्या टेबलला तर स्वतःचा क्रमच नसतो. ‘ऑर्डर बाय’ (कोणत्या क्रमाने हव्यात ते सांगणारा भाग) न लिहिता एस्क्यूलाइटमधून ओळी मागवल्या तर त्या भरल्या त्याच क्रमाने येतात असं वाटतं खरं, पण ती हमी नाही. खात्री करून घ्यायची असेल तर ‘रिव्हर्स अनऑर्डर्ड सिलेक्ट्स’ हा प्राग्मा (एस्क्यूलाइटची एक सेटिंग) चालू करा. क्रम न सांगितलेल्या क्वेरींच्या ओळी तो मुद्दाम उलट्या दाखवतो. आपली यादी कुठे कुठे नशिबावर चालली होती ते लगेच उघडं पडतं.

फिल्टर लावून ओढण्यात याहून मोठी गोम आहे. समजा, फक्त जलद गाड्यांचे थांबे दिसताहेत: दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली. वांद्रे १२००० वर, अंधेरी १६००० वर. या दोघांच्या मध्ये तुम्ही एक नवी नोंद टाकलीत. मधला आकडा १४०००, आणि तो तर सांताक्रूझचा! खार रोड, सांताक्रूझ, विलेपार्ले लपलेली होती एवढंच. नवी नोंद त्यांच्या आधी की नंतर, हे तुम्ही सांगितलेलंच नाही, तर अ‍ॅप तरी काय करणार? म्हणून नियम साधा: फिल्टर काढल्याशिवाय क्रमाला हात लावायचा नाही.

हजाराच्या उड्या का, तर राम मंदिर स्थानक बघा. ते डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालं, जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये. १, २, ३ लिहिलं असतं तर गोरेगावपासून पुढची प्रत्येक ओळ बदलावी लागली असती. जोगेश्वरी १७००० आणि गोरेगाव १८००० असताना १७५०० एवढंच लिहायचं, बाकी कुणाला धक्का नाही. वाईटात वाईट प्रसंग म्हणजे दरवेळी एकाच नोंदीच्या लगेच खाली नवी घालत जाणं. दरवेळी मधला आकडा घेतला तर दहाच्या अंतरात अशा तीनच मावतात (१० आणि २० च्या मध्ये १५, १२, ११). हजाराच्या अंतरात नऊ.

दशांशात जागा कितीतरी जास्त हे तुमचं बरोबर, पण ती अमर्याद नाही. नेहमीच्या ६४ बिटी दशांशात १ आणि २ च्या मधलं अंतर असं ५२ वेळा निम्मं करता येतं. त्रेपन्नाव्या वेळी ‘मधला’ आकडा शेजारच्याच आकड्याइतका निघतो आणि काही न बोलता दोन नोंदी एकाच जागेवर बसतात. पूर्णांक आणि त्यावर युनिकचं (एकच आकडा दोनदा चालणार नाही असं) बंधन असलं तर जागा संपताच सरळ एरर येते. मला ती बोंब परवडते, गुपचूप झालेला घोळ नाही. फिग्मासारखी (एकत्र डिझाइन करण्याचं अ‍ॅप) मंडळी क्रमासाठी आकड्यांऐवजी अक्षरांच्या किल्ल्या वापरतात, पण तिथे अनेकजण एकाच वेळी यादी हलवत असतात. एकट्याच्या यादीला तो खटाटोप नको.

जागा संपली की पुन्हा नंबर घालायचे. शीटमध्ये: फिल्टर काढा, सगळं टेबल निवडून (नुसता क्रमाचा कॉलम निवडलात तर आकडे हलतील, नावं जागेवर राहतील आणि यादीचा खिचडा होईल) क्रमाने सॉर्ट करा, पहिल्या दोन खणांत १००० आणि २००० लिहा, दोन्ही निवडून कोपऱ्यातली चौकट तळापर्यंत ओढा. एस्क्यूलाइटमध्ये ओळींना १ पासून नंबर देणाऱ्या रो-नंबर या विंडो फंक्शनला हजाराने गुणून हेच होतं, आवृत्ती ३.२५ किंवा पुढची हवी. युनिकचं बंधन तिथे ओळीगणिक तपासलं जातं, त्यामुळे अपडेट मध्येच अडतो. आधी नवे आकडे ऋण करून लिहा, मग दुसऱ्या अपडेटने चिन्ह पालटा.

आणखी एक. क्रम स्थानकाच्या टेबलात ठेवू नका. दादर पश्चिम मार्गावर चर्चगेटपासून नववं आणि मध्य मार्गावर सीएसएमटीपासून आठवं, मग एकाच खणात काय लिहिणार? मार्ग, स्थानक, क्रम असे तीन कॉलम असलेलं वेगळं टेबल करा आणि युनिकचं बंधन मार्ग व क्रम या जोडीवर घाला. त्याच टेबलात क्रम पूर्णांकच असल्याची तपासणीही घाला. मराठी कीबोर्डवरून देवनागरीत आकडा टाइप झाला तर एस्क्यूलाइट त्याला मजकूर समजतं, आणि मजकूर सगळ्या आकड्यांच्या नंतर लागतो. एखादं स्थानक विनाकारण यादीच्या तळाशी गेलं असेल तर आधी हे बघा.

चाळीसेक नोंदींची यादी एकाच अ‍ॅपमध्ये राहणार असेल, बाहेर कुठे न्यायची नसेल, तर खुशाल ओढत राहा; तिथे माझं काही म्हणणं नाही. तुमची यादी मात्र तुम्हीच म्हणता त्याप्रमाणे चारशेच्या घरात आहे आणि आधीच हाताने लावलेली आहे. ती सॉर्ट आणि फिल्टर काढून स्क्रीनवर आणा, आकड्यांचा कॉलम जोडा आणि क्रम दिसतो आहे तोवर वरून खाली भरून टाका. सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या तक्त्याच्या फाइलीत) काढून भरणार असाल तर आधी फाइलमधल्या पहिल्या दहा, शेवटच्या दहा आणि मधल्या काही ओळी स्क्रीनशी ताडून बघा. एक्स्पोर्ट होताना ओळींचा क्रम बदललेला असू शकतो, आणि तसाच नंबर घातला तर चुकीचा क्रम कायमचा होऊन बसेल.