एक्झोरा पिवळा पडल्याच्या तक्रारीला नर्सरीचं उत्तर

ताई, नमस्कार. नर्सरीचा मालक स्वतः लिहितोय.

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की जूनमध्ये 160 रुपयांप्रमाणे चार लाल एक्झोरा नेले, तेव्हा ते फुलांनी लगडलेले होते. अडीच महिन्यांत पानं पिवळी पडली, फूल यायचं थांबलं. फोन केला तर आमच्या मुलाने "पाणी कमी करा" एवढंच सांगून फोन ठेवला. शेवटी लिहिलंय, "रोगट झाडं विकतात."

आधी फोनचं. माफ करा. तो सल्ला चुकीचा होता आणि बोलण्याची पद्धतही. त्याहून मोठी चूक विकतानाच झाली. तुम्ही "आमच्याकडे येईल ना?" असं विचारलंत, तर "कुठेही येतो" म्हणून सांगितलं गेलं. सोलापुरात एक्झोरा वाटेल तिथे येत नाही. हे पैसे देण्याआधी तुम्हाला कळायला हवं होतं.

पण झाड रोगट नव्हतं. तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. शेंड्याची कोवळी पानं लिंबासारखी पिवळी, त्यावर शिरांची जाळी मात्र हिरवीगार, आणि खालची जुनी पानं अजून हिरवी. नत्र कमी पडलं असतं तर आधी खालची पानं पिवळी झाली असती. कोवळ्या पानांवर अशी जाळी दिसली की झाडाला लोह मिळत नाही, असं समजायचं.

एक्झोरा हे दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडचं झुडूप, कॉफीच्या कुळातलं. त्याला आंबट माती लागते, म्हणजे सामू (पीएच) साधारण 5 ते 6. कोकणातल्या जांभ्या मातीत तो काही न करता फुलतो. आपली काळी माती चुनखडीची, तिचा सामू 8 च्या आसपास. अशा मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते विरघळत नाही, मुळांना उचलता येत नाही. वरून बोअरचं जड पाणी. आमची रोपं आंध्रातल्या कडियमहून लाल मातीच्या पिशवीत येतात. त्या मातीचा आधार संपेपर्यंत झाड छान दिसतं, मग मुळं आपल्या मातीत शिरतात. तुमचे अडीच महिने ते हेच.

फोटोत आणखी एक दिसलं. दोन झाडं कुंपणाच्या भिंतीला लागून आहेत आणि तीच जास्त पिवळी आहेत. सिमेंटचा, चुन्याचा अंश पावसाने तिथेच झिरपतो. भिंतीजवळची चिमूटभर सुकी माती बशीत घेऊन वर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे. मागे विजापूर रोडच्या एका घरी मी हे करून दाखवलं, तर सोडा टाकल्यासारखा फेस आला होता.

म्हणून भिंतीजवळचे दोनच नाही, चारही काढून बारा-चौदा इंची कुंडीत लावा. त्या जमिनीत गंधक टाकून फारसा उपयोग नाही, एवढ्या चुन्याला ते पुरत नाही. कुंडीत काळी माती अजिबात नको. लाल माती, धुतलेलं कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं कुजलेलं खत सारखं घ्या. लावताना मुळांभोवतीचा लाल गोळा बोटांनी हलकेच सैल करा, तो सुकला की विटेसारखा घट्ट होतो आणि पाणी बाजूने निघून जातं.

लोहासाठी दुकानात ईडीडीएचए (EDDHA) लोह मागा, ते चुन्याच्या मातीतही विरघळलेलं राहतं. पाण्यात टाकलं की लालभडक रंग येतो. पाकिटावरच्या मापाने मुळाशी द्या. साधं हिराकस (फेरस सल्फेट) चुन्याच्या मातीत टाकलं तर लगेच निकामी होतं. ते लिटरला 2 ग्रॅम, थोडा लिंबाचा रस पिळून, संध्याकाळी पानांवर फवारा. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. नवी फूट कशी येते ते पाहा.

पाण्याबद्दल कळकळीने सांगतो. आरओचं वाया जाणारं पाणी बरेच जण झाडांना घालतात. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात, एक्झोराला ते नकोच. पावसाचं किंवा एसीचं पाणी साठवून घाला. अंड्याची टरफलंही टाकू नका, तोही चुनाच. ऊन पाच-सहा तास हवं, फक्त एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरवी जाळी धरा. फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं, त्यामुळे शेंडे सारखे खुडू नका.

एवढं करणं जमणार नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, त्यात काही चुकीचं नाही. भिंतीकडे बोगनवेल लावा, तिला आपली माती आणि ऊन दोन्ही मानवतं. चार झाडं परत आणा, 640 रुपये परत मिळतील, बिल नसलं तरी चालेल. ठेवायची असतील तर मिश्रण आणि लोह आमच्याकडून घ्या, त्याचे पैसे घेणार नाही. मी रोज सकाळी 7 ते 11 नर्सरीतच असतो, कुंड्या माझ्या हाताने भरून देतो. एक्झोराच्या ओळीसमोर कालच पाटी लावली आहे: "काळ्या मातीत लावू नका, आधी विचारा."