मंत्रचळ आणि उपासमार यांच्याविषयीच्या एका संदेशाला उत्तर

सोलापुरातल्या घराघरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे, की ओसीडी म्हणजे मंत्रचळ (नकोसे विचार मनातून न जाणे आणि हात धुण्यासारखी कृती पुन्हा पुन्हा करावी लागणे) आणि खाण्याचे विकार ही परदेशातून आलेली, श्रीमंतांच्या मुलींची थेरे आहेत. आपल्या आज्यांनी सोवळे पाळले, उपास केले, त्यांना काही झाले नाही. भूक लागली की माणूस जेवतो, मन खंबीर केले की हात धुणे थांबते. तेव्हा डॉक्टरकडे जाऊन जन्मभराच्या गोळ्या मागे लावून घेऊ नका. मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते. अशा संदेशांमुळे उपचार लांबतात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

हे विकार आजकालचे फॅड नव्हेत. लंडनचे डॉक्टर रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ मध्येच अन्न टाकून झिजत गेलेल्या दोन रुग्णांचे वर्णन केले आणि त्यांतला एक सोळा वर्षांचा मुलगा होता. हाँगकाँगमध्ये मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांना १९९० च्या दशकात असे अनेक रुग्ण आढळले, ज्यांना लठ्ठपणाची भीती नव्हती. ते पोट गच्च झाल्याचे, भूकच नसल्याचे सांगत. आपल्याकडेही मुलगी ‘पोट जड वाटतं’ म्हणते, घरचे पित्ताची औषधे देत राहतात आणि मूळ दुखणे महिनोन्महिने ध्यानात येत नाही. मंत्रचळाचे म्हणाल, तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण हजारी सुमारे आठ आढळले.

श्रीमंतीचा मुद्दा तर आपल्या शहरात क्षणभरही टिकत नाही. जिथे वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येत आले, तिथे दोन खोल्यांच्या घरातली सून भरलेले पिंप हात धुण्यात रिकामे करते, सासूची बोलणी खाते, पाणी वाया जाते हे तिला सर्वांआधी कळत असते, कातडी सोलून निघते, आणि तरी हात मग पुन्हा पिंपाकडे वळतो. तिला कुणी थेरे म्हणावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सोवळे आणि उपास यांच्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवे, कारण तो वरवर खरा वाटतो. व्रताला मर्यादा असते. एकादशी द्वादशीला सुटते, पूजा आटोपली की सोवळे उतरते, आजारी माणसाला दोन्हींतून सूट मिळते. विकारात ही सुटका नसते. सोमवारच्या जोडीला गुरुवार येतो, मग शनिवार. पुढे साबुदाणाही ‘जड’ ठरतो, आणि पारण्याच्या दिवशी पानातली कडक भाकरी नखाएवढ्या तुकड्यांत मोडून तासभर चघळली जाते, शेंगाचटणी ताटाच्या कडेला तशीच राहते. श्रद्धेने हा आजार होत नाही. पण आजार श्रद्धेआड सहज लपतो, आणि घरच्यांना त्याचे कौतुकही वाटते.

भूक लागली की सारे सुटेल, या समजाचे उत्तर १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात झालेल्या प्रयोगात आहे. अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे पाव हिश्शाने घटले तशी ही धडधाकट मुले पाककृती जमवू लागली, एकेक घास चिवडत बसू लागली, अन्नाखेरीज दुसरे काही त्यांना सुचेना. म्हणजे उपासमार स्वतःच मनाला चाळा लावते. म्हणून अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे अन्न टाळून झिजत जाण्याच्या विकारात, आधी वजन सावरावे लागते. त्यातून २००४ मध्ये वॉल्टर के आणि सहकाऱ्यांनी खाण्याचे विकार असलेल्या ६७२ जणांची पाहणी केली, तेव्हा ४१ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी ओसीडी असल्याचे दिसले, आणि बहुतेकांत तो बालपणी, खाण्याच्या विकाराआधीच सुरू झाला होता. असे असताना केवळ बारीक होण्याच्या हौसेला दोष देता येत नाही.

इच्छाशक्तीविषयी एवढेच सांगते, की नकोसे विचार बहुतेक सगळ्यांनाच येतात. रुग्ण ते दाबू पाहतो आणि ते अधिकच उसळतात. १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी वेगळी वाट दाखवली : भीती वाटते त्या गोष्टीला पायरीपायरीने हात लावायचा आणि त्यानंतरचे धुणे रोखून धरायचे. आज एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन नावाने हाच मंत्रचळावरचा प्रमुख मानसोपचार आहे. त्यात घरच्यांचे काम अवघड असते, कारण ‘हो गं, स्वच्छ झालं’ असे दहांदा सांगणे हा त्यांना जिव्हाळा वाटतो आणि आजाराला तेच खतपाणी मिळते.

गोळ्या सर्वांनाच लागतात असे नाही, आणि लागल्या तर त्या जन्मभरच घ्याव्या लागतात असेही नाही. मंत्रचळात त्यांचा गुण दिसायला बहुधा दोन-तीन महिने जातात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत.

टाळाटाळीची किंमत मोठी आहे. ३६ अभ्यासांच्या २०११ मधल्या एकत्रित विश्लेषणात अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण अपेक्षेच्या जवळजवळ सहापट निघाले, आणि मरण पावलेल्या दर पाच जणांतील एकाने आत्महत्या केली होती. घरात कुणी झपाट्याने वाळत असेल, चक्कर येऊन पडत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल गाठावे. भरपूर खायला घालून घरीच ताकद आणू, असे मुळीच करू नये. दीर्घ उपासमारीनंतर अन्न एकदम वाढवले, तर रक्तातले फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. एरवी नुसते विचारायचे असले, तरी सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क आणि मराठीतून मिळते.