आजीचा भजनाचा डबा आणि कर्नल 4.9

आजीला एक डबा हवा होता. एक बटण दाबलं की भजनं, दुसरं दाबलं की आरत्या. मी म्हटलं, दोन शनिवार-रविवारचं काम. चार महिने लागले. (हो, आर्डुइनो आणि एमपी3 मॉड्यूलमध्ये शंभर मिनिटांत झालं असतं. माहीत आहे. मला लिनक्सच करायचं होतं.)

बोर्ड (एका पाटीवरचा छोटा संगणक) स्वस्तातला घेतला. चार कोअर, ऑडिओ जॅक, आणि जाहिरातीत ठसठशीत ‘लिनक्स सपोर्ट’. हा सपोर्ट म्हणजे एक झिप फाइल निघाली. आत कर्नल 4.9, म्हणजे लिनक्सचा गाभा. हा कर्नल डिसेंबर 2016 चा, आणि त्याची देखभाल जानेवारी 2023 मध्ये बंद झाली. माझा बोर्ड त्यानंतरचा! वर सगळा सोर्स एकाच कमिटमध्ये (बदलांच्या एकाच नोंदीत) ओतलेला. मूळ कर्नलमध्ये यांनी नेमकं काय बदललं, हे शोधायचं कसं?

कर्नल बांधायला ‘मेक’ कमांड मारली, तर एरर. 2020 मध्ये आलेल्या जीसीसी 10 या कंपायलरपासून एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत नुसतं लिहिलेलं चालत नाही, आणि जुन्या कर्नलसोबत येणारा डिव्हाइस ट्रीचा (बोर्डावर काय कुठे जोडलंय त्या यादीचा) कंपायलर नेमकं तेच करतो. त्यातल्या एकाच्या आधी ‘एक्स्टर्न’ हा एक शब्द लावायचा. त्या एका शब्दाला माझी दीड संध्याकाळ गेली.

मग बोर्डाचे संदेश बघायला सिरीयल केबल जोडली, बॉड रेट (वेग) 115200. यू-बूट (कर्नलला सुरू करणारा प्रोग्राम) छान बोलला, ‘स्टार्टिंग कर्नल’ म्हणाला आणि चिडीचूप. तीन रात्री मी डिव्हाइस ट्री उसवत बसलो. कर्नल पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चालू होता. बूटआर्ग्जमध्ये (सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनांत) कन्सोलचं, म्हणजे संदेश पाठवायच्या पोर्टचं, नाव चुकलं होतं, त्यामुळे तो बापडा भलत्याच पोर्टवर बडबडत होता, जिथे माझी केबलच नव्हती.

दरम्यान आजीचा फोन. "काय रे, झाला का डबा?"

मित्र म्हणाला, योक्टो वापर, म्हणजे बोर्डासाठी आपलं लिनक्स बांधायचं साधन. वापरला. लॅपटॉपची डिस्क भरली, रात्रभर पंखा घोंघावत राहिला. बोर्डवाल्याचा लेयर (योक्टोसाठी त्याने दिलेल्या फाइलींचा गठ्ठा) जुना होता. ऑक्टोबर 2021 च्या 3.4 आवृत्तीत योक्टोने ओव्हरराइडची (ठरावीक बोर्डासाठी वगैरे सेटिंग बदलायची) खूण अंडरस्कोअरऐवजी कोलन केली, त्यामुळे तो लेयर नव्या योक्टोत चालेना. बदल योग्यच होता. अंडरस्कोअर व्हेरिएबलच्या नावातही असतो, घोळ व्हायचाच. म्हणून योक्टोवर माझा राग नाही. ते दहा जणांच्या टीमचं हत्यार आहे, एकट्या माणसाने एका डब्यासाठी उचलू नये. त्याच कामाचं साधं साधन, बिल्डरूट, बरं. पण तिथेही एखादा पर्याय बदलला की बऱ्याचदा ‘मेक क्लीन’ करून पहिल्यापासून.

राग आहे तो ‘लिनक्स सपोर्ट’ या दोन शब्दांवर. बोर्ड घेताना आता मी गिगाहर्ट्झ बघतच नाही. मूळ कर्नलच्या सोर्समध्ये डीटीएस (डिव्हाइस ट्रीच्या फाइलींचं) फोल्डर उघडतो आणि त्या बोर्डाच्या नावाची फाइल शोधतो. ती असेल तर कर्नलच्या आत काही बदललं तरी बदलणाराच ड्रायव्हरही (हार्डवेअर चालवणारा कोड) दुरुस्त करतो. झिपमधला ड्रायव्हर मात्र ज्या दिवशी झिप झाला त्या दिवसातच अडकतो.

शेवटी दुसरा बोर्ड घेतला, अशी फाइल असलेला. सध्याचा कर्नल, बिल्डरूट, नऊ सेकंदांत भजन सुरू. रूट फाइलसिस्टम (लिनक्सच्या सगळ्या फाइली) रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येणारी, ठेवली आहे, कारण गावाकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. आजी खूश आहे, फक्त "आवाज कमी करायचं बटण कुठंय?" असं विचारते. ते राहिलंच.

जुना बोर्ड कुणाला हवा असेल तर फुकट देतो. कर्नल 4.9 आहे. बदलायला जाऊ नका.