गाडी घेतलीत? आता थांबायला शिका

चाकाखालची लिंबं फुटली, बोनेटला झेंडूचा हार चढला, नाशिकच्या आडगाव नाक्यापासून गल्लीपर्यंत पेढे वाटून झाले. मागच्या फाळक्यावर ‘आईचा आशीर्वाद’सुद्धा रंगवून आला. आता जरा निवांत बसा आणि आमचं ऐका. ट्रकच्या धंद्यात आलेल्या नव्या माणसाला वाटतं, गाडी पळाली की पैसे मिळतात. गाडी काय, कोणीही पळवेल. मालकाचा कस लागतो तो गाडी उभी असताना.

घाबरू नका, तुम्ही एकटे नाही. देशातले बहुतेक ट्रक असेच एक-दोन-चार गाड्या बाळगणाऱ्यांचे आहेत. एकाला भाडं परवडलं नाही तर मागे दुसरा उभाच असतो, आणि बँकेचा हप्ता त्यालाही चुकत नाही. यालाच स्पर्धात्मक दर म्हणतात.

पहिलं लोड बहुधा अंबड-सातपूरच्या एखाद्या कारखान्यातून मिळेल. लोड मिळवून देणारा ब्रोकर सकाळी नऊला गाडी लावायला सांगेल. नऊला लावा. गेटवरचा वॉचमन गाडीचे पेपर बघेल, लायसन्स बघेल, पीयूसी बघेल आणि शेवटी ड्रायव्हरच्या पायांकडे बघेल. चप्पल असेल तर आत सोडणार नाही, सेफ्टी शूज पाहिजेत. माणसाच्या पायाची एवढी काळजी घेणारी कंपनी मिळायला भाग्य लागतं. मग तो एक टोकन हातात देईल आणि ‘बाजूला लाव’ म्हणेल. बाजूला म्हणजे कुठे, हे विचारायचं नाही. बाजूला म्हणजे गटाराच्या कडेला, आधीच उभ्या असलेल्या गाड्यांच्या मागे.

दुपारी ड्रायव्हर स्टोव्ह काढेल आणि गाडीच्या सावलीत बटाट्याची भाजी टाकेल. आत कँटीन आहे, संडासही आहे, पण ते कर्मचाऱ्यांसाठी. ड्रायव्हर कंपनीचा कर्मचारी नाही, तुमचा आहे. आणि तुम्ही कंपनीचे कोण, याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. संध्याकाळी डिस्पॅचचा माणूस येऊन सांगेल की माल क्वालिटीला अडकलाय, उद्या बघू. चिडू नका. कंपनीला फुकटात एक चाकावरचं गोदाम मिळालं आहे, राखणदार आतच झोपतो, आणि त्याचं जेवणसुद्धा तो स्वतःच करतो. भाडेचिठ्ठीवर ‘डिटेन्शन’ म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचा आकार, अशी एक ओळ छापलेली असते. ती वाचून समाधान मानावं. बिलात लावायचा प्रयत्न केलात तर पुढचं टोकन मिळणार नाही.

पूर्वी थांबण्याचा सराव मिळत नव्हता, असं नाही. तेव्हा जकात नाके होते, राज्याच्या सीमेवर विक्रीकराचे नाके होते, थांबण्याची जागा सरकारच पुरवायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते नाके उठले. देशभर आनंद झाला, तो योग्यच होता. फक्त वाचलेला वेळ कोणाच्या खात्यात जमा झाला, हे पाहायचं असेल तर भिवंडीच्या कुठल्याही मोठ्या गोदामाबाहेर रात्री एक फेरी मारा.

भिवंडीचं नाव निघालंच आहे तर समृद्धीचंही बोलू. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला. इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. ज्या कसारा घाटात पावसाळ्यात एक कंटेनर आडवा झाला की आख्खी रात्र जायची, तो घाट आता डोंगराच्या पोटातून काही मिनिटांत टळतो. काम खरंच देखणं आहे, त्यात उपरोध नाही. टोल भरा, बोगद्यातून झपकन बाहेर पडा आणि गोदामाच्या गेटवर लवकर पोचा. जितकं लवकर पोचाल तितका वेळ जास्त थांबता येईल. अवजड वाहनांना दिवसा बंदी असेल, तर त्या तासांची त्यात भर.

फक्त ई-वे बिलावर, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर मालासाठी काढायच्या पासावर, लक्ष असू द्या. पन्नास हजारांवरच्या मालाला, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरच्या, ते लागतं आणि त्याची मुदत अंतरावर ठरते. आधी दर १०० किलोमीटरला एक दिवस मिळायचा, २०२१ पासून २०० किलोमीटरला एक. गाडीने रोज निदान दोनशे कापावेत, असा सरकारचा तुमच्यावर विश्वास आहे. गोदामवाल्याने दोन दिवस आत घेतलं नाही आणि मुदत संपली, तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घ्यायची. रात्री बारा वाजता, फोनवर, पोर्टल चालू असलं तर. नाही वाढवलीत आणि गाडी पकडली गेली तर दंड कराच्या दुप्पट असू शकतो. गोदामवाल्याला त्याची झळ नाही, त्याचा माल अजून ‘प्रवासात’ आहे.

कांद्याचं लोड मिळालं तर मात्र शिक्षण पूर्ण होतं. पिंपळगाव-लासलगावहून गोणी भरून गाडी बंगालच्या सीमेकडे निघते, पुढे माल बांगलादेशात जायचा असतो. १४ सप्टेंबर २०२० ला दिल्लीने निर्यातबंदी केली, तीही तत्काळ. सीमेवर गाड्यांची रांग जिथल्या तिथे थिजली. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा तोच प्रयोग झाला. कांदा थांबत नाही हो, गाडी थांबली तरी. ताडपत्रीखाली त्याला उष्णता सुटते, तळच्या गोण्या पाणी सोडतात, ते फळ्यांच्या फटीतून रस्त्यावर ठिबकतं, आणि तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर केबिन सोडून दूर झोपायला जातो. माल रिकामा होईल तेव्हा वजनकाट्यावर तूट निघेल. पाणी उडालं की वजन घटतं, हे लासलगावच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण तूट भाड्यातून कापायची, हेही सगळ्यांना माहीत आहे. ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून निर्णय झाला होता. तुम्हीही ग्राहकच आहात, त्या बाजूने बघायला शिका.

आता ड्रायव्हर. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा, २०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत विलीन झाला. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास कामाची मर्यादा होती. तेवढी तुम्ही सहज पाळू शकता, कारण गेटवर पडून राहणं हे काम आहे असं कोण म्हणतं? चालवायचे तास तेवढे मोजा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीचं झालंय, तेही चांगलंच. इंजिन चालू असेपर्यंत एसी चालतो. मे महिन्यात सिन्नरच्या एमआयडीसीत गाडी चार तास उभी असेल तेव्हा तो चालू ठेवायचा की नाही, हे तुम्ही आणि तुमचं डिझेल बघून घ्या. ड्रायव्हरला फोन करून एवढंच सांगा, ‘बंद कर रे तो.’

पण एक खबरदारी. ड्रायव्हरला थांबवून ठेवणं वेगळं आणि ड्रायव्हर स्वतः थांबणं वेगळं. नव्या न्यायसंहितेत अपघात करून न कळवता पळून जाण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दिवसांत चालक संपावर गेले. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंचे टँकर उभे राहिले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. एरवी ट्रकला शिव्या घालत ओव्हरटेक करणारी माणसं रिकाम्या टाकीची मोटारसायकल ढकलत उभी होती. त्यांनाही गेटवर टोकन घेऊन थांबल्यासारखं वाटलं असेल. चर्चेशिवाय ते कलम लागू करणार नाही, असं सरकारने सांगितलं तेव्हा टँकर हलले.

हे सगळं मोठ्या चित्रात कुठे बसतं, असा प्रश्न पडत असेल तर तोही सोडवून देतो. देशाचा लॉजिस्टिक्स, म्हणजे माल हलवण्या-साठवण्याचा, खर्च जीडीपीच्या तेरा-चौदा टक्के आहे, असं वर्षानुवर्षे भाषणांत ऐकलं. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं, पुढे नीट मोजणी झाली आणि तो आठ टक्क्यांच्या आत निघाला. आनंद माना. गटाराकडेला गेलेले तुमचे दिवस त्यात कोणत्या रकान्यात आहेत, हे शोधत बसू नका. निफाड साखर कारखान्याच्या जागेवरचा ड्रायपोर्ट, म्हणजे समुद्राविना कंटेनरचं बंदर, तोही कित्येक वर्षं होणार आहे; त्याने कधी तक्रार केली?

राहता राहिलं बिल. माल उतरला की पोचपावतीवर सही-शिक्का घ्या. त्यावर बारीक अक्षरात ‘मोजणीच्या अधीन’ असं लिहिलेलं असेल, ते कोणी नंतर मोजत नाही, पण कापायला उपयोगी पडतं. मूळ पावती कुरियरने कंपनीत गेली पाहिजे, व्हॉट्सअॅपवरचा फोटो चालत नाही. कुरियर पोचल्याच्या तारखेपासून दिवस मोजायला सुरुवात. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे लघुउद्योग म्हणून नोंद, असेल तर तुम्हालाही तो लागू होईल. अकाउंट्समधल्या माणसाला एकदा त्याची आठवण करून बघाच. तो अतिशय नम्रपणे ‘हो सर, बघतो’ म्हणेल आणि ब्रोकरला सांगेल की ती पार्टी जरा वकिली करते.

नव्वदाव्या दिवशी पुन्हा फोन लावा. साहेब मीटिंगमध्ये असतील. त्याच संध्याकाळी त्याच कंपनीचं लोड येईल, भाडं गेल्या वर्षीचंच, गाडी सकाळी नऊला लावायची. ‘कळवतो’ म्हणू नका, लगेच हो म्हणा; ब्रोकरने दुसऱ्या लाईनवर आणखी एकाला धरून ठेवलेलं असतं. आणि ड्रायव्हरला शूज घ्या.